भावजींच्या फुल्या

माझ्या बहिणीच्या घराची बेल वाजवली की आतून कडी निघत नाही, प्रश्न येतो.

"कोण?"

"मी."

"मी तर मीही आहे. तुम्ही कोण?"

हे आमचे भावजी. गेली कित्येक वर्षं मी त्या दारासमोर उभा राहून स्वतःची ओळख पटवतोय. आवाज ओळखीचा आहे हे त्यांना पुरत नाही. आवाज काढता येतो. दाराच्या भिंगातून माझा चेहरा दिसतो, तोही पुरत नाही. माझ्यामागे जिन्यात दुसरं कोणी दबा धरून बसलेलं असेल तर? एकदा मी वैतागून ओरडलो, "भावजी, तुमच्या बायकोचा सख्खा भाऊ आहे हो!" तर आतून शांतपणे उत्तर आलं, "ते लग्नातही सांगितलं होतं. पुरावा तेव्हाही कोणी दिला नाही."

धंदा कुलूप-किल्ल्यांचा. बाजाराच्या मागच्या गल्लीत, चपला शिवणारा आणि झेरॉक्सवाला यांच्या मधोमध दुकान. आत दोन भाऊ. थोरले आमचे भावजी. आणि दुसरा धाकटा. त्याला सगळी गल्ली 'धाकटा'च म्हणते. कानशिलावरचे केस पिकले तरी बिचाऱ्याला बढती नाही. भिंतीवर कोऱ्या किल्ल्यांच्या माळा, कानशींचा डबा, किल्ली कापायचं यंत्र, आणि कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या कापडाखाली कॉम्प्युटर. संशय हा भावजींचा स्वभाव की धंद्यातून जडलेला रोग, हे ताईला अजून ठरवता आलेलं नाही. ती म्हणते, "दिवसभर ज्या माणसाच्या डोक्यात एकच विचार, की हे कसं फोडता येईल, तो संध्याकाळी घरी येऊन दुसरं काय करणार? आमटीकडेसुद्धा तसाच बघतो."

कॉम्प्युटर घेतला तेव्हा तो चालवणारी एक प्रणाली त्यात आधीपासून भरलेली होती. ती एक दिवस बिघडली आणि पडद्यावर अक्षरं आली: काहीतरी चुकलं आहे. झालं. भावजींचं आणि तिचं कायमचं बिनसलं. "काय चुकलं ते सांगत नाही! माझ्या हाताखालच्या माणसाने असं उत्तर दिलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवला असता." तेव्हा कपाटाची किल्ली करून घ्यायला आलेल्या एका नकाशे काढणाऱ्या गिऱ्हाइकाने त्यांना मुक्त प्रणालीबद्दल सांगितलं. जगभरची माणसं आपापल्या फावल्या वेळात मिळून बनवतात, आतलं सगळं कोणालाही उघडून वाचता येतं, आणि पैसे पडत नाहीत.

"फुकट का?" भावजींनी विचारलं.

या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर त्यांना आजतागायत मिळालेलं नाही. पण प्रणाली त्यांनी घातली, कारण दुकानात त्यांचं एक वाक्य ठरलेलं आहे: ज्याचं पोट उघडून बघता येत नाही ते कुलूप मी विकत नाही. आता या प्रणालीचं पोट त्यांनी स्वतः कधी उघडून वाचलंय का? नाही. पण वाचता येतं, एवढ्यावर त्यांना गाढ झोप लागते. नंतर त्यांनी ती ताईच्या कॉम्प्युटरवर घातली, धाकट्याच्या घातली आणि माझ्याही. मी नको म्हणालो नाही, कारण मी तेव्हा घरी नव्हतो.

ही प्रणाली वापरणाऱ्यांचा आपल्या भाषेत एक ग्रुप आहे. यंत्र अडलं की तिथं लिहायचं. ज्याला ठाऊक असेल तो उत्तर देतो. खरी नावं तिथं कोणी लावत नाही. भावजींनी घेतलेलं नाव 'अडसर'. आणि दाराला असतो तो अडसर तसा हा माणूस त्या ग्रुपच्या तोंडाशी आडवा पडलेला असे. नवा माणूस भाबडेपणाने लिहायचा, "आवाज येत नाही. लवकर मदत करा!!!" अडसर विचारायचे, "कोणाचा आवाज? कोणतं यंत्र? कोणती आवृत्ती? आधी येत होता का? आणि ती तीन उद्गारचिन्हं कशासाठी? एकाने आम्ही जागे होतो."

त्यावर नवा माणूस हमखास लिहिणार, "मी काहीच केलं नाही हो. आपोआप बिघडलं."

आणि अडसरांचं ठरलेलं उत्तर, जे पुढे ग्रुपवर म्हणीसारखं रुळलं: "आपोआप फक्त दूध नासतं. शेवटचं काय बदललंत ते सांगा. सगळं सांगा. लपवू नका."

ग्रुपच्या चालीरीती त्यांच्याइतक्या कोणीच जपल्या नसतील. विचारण्याआधी स्वतः शोधायचं. काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, या क्रमाने सांगायचं. प्रश्न सुटला की नुसतं 'सुटला, धन्यवाद' म्हणून पळायचं नाही. कसा सुटला ते मागच्यांसाठी लिहून ठेवायचं. तसं न करणाऱ्याच्या मागे ते पार खनपटीला बसत: "पाणी पिऊन झालं म्हणून दोर कापून नेताय की काय?" आणि सगळ्यांत कडक नियम म्हणजे, नवख्याला कमांड द्यायची तर ती काय करते ते सांगूनच द्यायची. एकदा एका टवाळाने गंमत म्हणून एका नवख्या बाईंना सगळ्या फाइली पुसणारी कमांड 'ही चालवा, ठीक होईल' म्हणून दिली. बाई चालवणार एवढ्यात अडसर मध्ये पडले. दुकानात गिऱ्हाईक तोंडाकडे बघत उभं, आणि भावजी ग्रुपवर त्या टवाळाची सालटी काढताहेत. त्या दिवसापासून ग्रुपवर कोणी गोड बोललं की त्यांच्या भुवया वर जातात.

म्हणूनच 'कासव' आल्यापासून ते अस्वस्थ होते. कासव हे त्या माणसाने घेतलेलं नाव. सावकाश उत्तर द्यायचा, कधी आवाज चढवायचा नाही, "घाई नाही, जमेल तेव्हा बघून सांगा" असं लिहायचा.

"हा माणूस इतका गोड का बोलतो?" भावजी मला विचारत.

"स्वभाव असेल."

"आणि फुकट मदत का करतो?"

"तुम्हीही फुकटच करता की."

"मी करतो. पण मी गोड बोलतो का?"



अशा माणसाच्या दुकानात ती भानगड उपटली.

नोकरी करणाऱ्या बायकांच्या एका मोठ्या वसतिगृहाचं काम दोघा भावांना मिळालं होतं. प्रत्येक खोलीला वेगळी किल्ली, एका मजल्याच्या सगळ्या खोल्या उघडणारी मजल्याची किल्ली, आणि सगळी इमारत उघडणारी व्यवस्थापिकाबाईंची एक. अशा कामात कुठल्या किल्लीला कुठे किती खोल खाच घ्यायची याचा आराखडा आधी बसवावा लागतो, नाहीतर एकीच्या किल्लीने दुसरीची खोली उघडते. आराखडा धाकटा कॉम्प्युटरवर बसवायचा, भावजी तपासायचे. इतकी वर्षं हेच चाललेलं.

एके सकाळी भावजींनी कॉम्प्युटर लावला आणि म्हणाले, "तिसरा मजला पुरा केलास म्हणाला होतास ना?"

"केला की काल."

"मग कुठं गेला? उडून?"

धाकट्याने येऊन बघितलं. तिसरा मजला नव्हता. "दादा, तुझ्यासमोर बसून केला मी. तू मागून चुका काढत होतास."

"चुका काढल्याचं आठवतंय. मजला दिसत नाही."

धाकट्याने मुकाट्याने पुन्हा करायला घेतला. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर लावला तर जुना तिसरा मजला जागच्या जागी हजर. मात्र कालचं नवं काम गायब, आणि दुसऱ्या मजल्यावर भावजींनी स्वतः केलेल्या दुरुस्त्याही गायब! पुढे एक दिवस सगळं ठीक, की परत उलटापालट. गेलेलं येई, आलेलं जाई.

दुसऱ्या कोणाला हायसं वाटलं असतं की बाबा, निदान परत तरी येतंय. भावजींचा मात्र त्या परत येण्यानेच थरकाप उडाला. मला म्हणाले, "चोर चोरी करतो ते मला समजतं. नेलेलं आणून ठेवणारा चोर फार खोल पाण्यातला."

मग त्यांनी सापळे लावले. खुर्ची ठरावीक तिरकी ठेवून जायचे. धाकटा ती नीटनेटकी सरळ करून ठेवायचा, कारण त्याला तिरकी खुर्ची बघवत नाही. कीबोर्डवर खडूची पूड भुरभुरली, तर झेरॉक्सवाल्याने उसनी झाडणी परत करताना उपकार म्हणून कीबोर्डही झाडून दिला. तेव्हापासून संशयितांत झेरॉक्सवाला आला. पण मन पुन्हा पुन्हा धाकट्यावर येई. त्याला कारण होतं. कार्ड टेकवून उघडणाऱ्या कुलपांच्या एका कंपनीचा माणूस मध्यंतरी दुकानात येऊन गेला होता. धाकट्याशी हसून बोलला, भावजींकडे बघून नुसती मान हलवली. त्यानंतर धाकटा एकदा म्हणालाही होता, "दादा, पुढे किल्ल्या राहणार नाहीत बघ." भावजींनी ते वाक्य त्या दिवशी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. आता ते त्यांना रोज ऐकू येऊ लागलं.

शेवटी त्यांनी प्रणालीची रोजनिशी उघडली. यंत्र कधी सुरू झालं, कधी बंद झालं, काय काय घडलं, हे ती प्रणाली स्वतःच टिपून ठेवते. त्यात परवाचा दिवस होता, आजचा होता, कालचा नव्हताच. कोणीतरी पान फाडावं तसा.

त्या दुपारी मी दुकानात होतो, म्हणून पुढचं मी माझ्या कानांनी ऐकलंय.

"किल्ली दे," भावजी म्हणाले.

"कसली?" धाकटा कानस चालवत होता.

"दुकानाची."

धाकटा हसला. "दादा, या दुकानात शिरायला मला किल्ली लागते असं वाटतं तुला?"

"म्हणूनच सकाळी कुलूपही बदललं."

कानस थांबली. दरवाजाकडे बघितल्यावर त्याला नवं कुलूप दिसलं. हसू जे गेलं ते गेलंच. त्याने खिशातून जुडगा काढला, एक किल्ली सोडवली. झिजून गुळगुळीत झालेली. ती काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, "ही तू दिलेली नव्हतीस. बाबांनी दिली होती." मग हात पुसले. "त्या कार्डवाल्यांना मी नाही म्हणत होतो, इतके दिवस. या आठवड्याच्या शेवटी हो म्हणून टाकतो. वसतिगृहाचं तू बघ."

तो गेला तेव्हा चपला शिवणाऱ्यानेसुद्धा टाका अर्ध्यावर ठेवून वर बघितलं.

पुढच्या दिवशी ताईचा फोन. "अरे, तुझ्या भावजींचं काही खरं नाही. जेवतात, पण शंका काढत नाहीत. आज मी आमटीत मीठ घालायला विसरले तरी एक शब्द नाही. इतकी घाबरले मी!" मग आवाज बारीक करून म्हणाली, "धाकटा असं करणार नाही रे. तो माझ्या हातातली पिशवी घेतानासुद्धा विचारून घेतो."

मी दुकानात गेलो. नव्या कुलपाच्या आत भावजी एकटे बसलेले.

"ग्रुपवर विचारा," मी म्हणालो.

"दुकानाची भानगड चव्हाट्यावर?"

मला त्यांची नस माहीत होती. "धाकट्याने केलं असेल तर ते सिद्ध तरी होऊ दे. नुसत्या संशयावर तुम्ही कधी थांबलाय?"

हे मात्र त्यांना पटलं. आणि ग्रुपच्या इतिहासात पहिल्यांदा अडसरांनी प्रश्न विचारला.

पण कसा! ग्रुपच्या रीतीप्रमाणे यंत्राची सगळी माहिती जोडली. आणि आपल्या स्वभावाप्रमाणे तिच्यातल्या प्रत्येक नावावर, प्रत्येक क्रमांकावर फुल्या मारल्या. यंत्राचं नाव: फुल्या. वापरणाऱ्याचं नाव: फुल्या. डिस्कची जात, मोठेपणा, ओळख-क्रमांक: फुल्याच फुल्या. वाचणाऱ्याला वाटावं हा माणूस यंत्राला आईबहिणीवरून शिव्या देतोय. ताकाला जाऊन भांडं लपवणारे आपण ऐकतो. हे भांडं लपवून वर ताकवाल्याच्याच हाताकडे संशयाने बघत होते. आणि खाली, शेवटचं काय बदललंत, या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: मी काहीच केलं नाही.

ग्रुप त्याच क्षणाची वर्षानुवर्षं वाट बघत असावा.

"आपोआप फक्त दूध नासतं, अडसरराव."

"सगळं सांगा. लपवू नका."

"दोर आहे, पण फुल्यांमागे विहीर दिसत नाही."

ज्या बाईंच्या फाइली त्यांनी वाचवल्या होत्या त्यांनी तेवढं हळूच लिहिलं, "हसू नका रे. अडल्याशिवाय ते विचारायचे नाहीत."

भावजींचे कान लाल झाले. ते सगळं पुसून टाकणार, इतक्यात कासव आलं. (आलं म्हणायचं की आले, हे आम्हाला तेव्हाही माहीत नव्हतं.) "नमस्कार. गेलेल्या फाइली परत येतात हे महत्त्वाचं वाटतं. तुमच्या माहितीत डिस्कच्या ओळी दोन दिसताहेत. दोन्हींच्या ओळख-क्रमांकांवर फुल्या आहेत. त्या दोन काढून दाखवता येतील का? घाई नाही."

"बघितलंस?" भावजी ताडकन उठले. "एवढ्या फुल्यांतून नेमकं तेच मागतो! का? याला माझ्या डिस्कचे क्रमांक कशाला हवेत?"

मी वेगळ्याच गोष्टीवर अडकलो होतो. "भावजी, डिस्क दोन कशा? दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये एकच होती ना?"

त्यांनी आधी रस्त्याकडे बघितलं. झेरॉक्सवाल्याच्या भिंतीकडे बघितलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "दुसरी मी बसवली. वसतिगृहाचे दोन मजले बसवून झाले तेव्हा. एवढ्या बायकांच्या खोल्यांचा आराखडा. कोणी पळवला, बिघडवला तर? म्हणून पहिलीची हुबेहूब नक्कल केली आणि कॉम्प्युटरच्या डब्यातच आत जोडून ठेवली. कोणाला सांगितलं नाही."

"धाकट्यालाही?"

"लपवलेली प्रत सांगितली तर ती लपवलेली कसली?"

कोंबडं झाकून ठेवलं होतं खरं. पण फुल्यांच्या टोपलीतून त्याची शेपटी बाहेर राहिली होती, दोन ओळींच्या रूपाने.

"मग हे लिहा ना ग्रुपवर!"

"म्हणजे कासवाला आयतंच समजेल कुठे काय आहे ते." त्यांनी लिहिलं, "क्रमांक देणार नाही. तुम्हाला ते कशासाठी हवेत, आधी ते सांगा."

आता कासव चिडेल, निघून जाईल, असं मला वाटलं. मी तरी गेलो असतो. बराच वेळ काही आलं नाही. बाहेर चपला शिवणाऱ्याची हातोडी ठकठक वाजत होती. मग उत्तर आलं:

"बरोबर आहे तुमचं. अनोळखी माणसाला देऊ नये. मला सांगूच नका. तुम्ही स्वतः बघा आणि फक्त एवढं सांगा, फुल्यांखालचे दोन क्रमांक एकमेकांसारखे आहेत की वेगळे?"

भावजींनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. यातला डाव शोधत राहिले. मला विचारलं, "यात काय फसवता येईल?" मी म्हणालो, "काही नाही." "तुला दिसत नसेल." पण त्यांनाही दिसेना. शेवटी त्यांनी पडद्यावर ती मूळ माहिती उघडली, फुल्यांविना. हातात एक बारीक कानस घेतली आणि दोन किल्ल्या एकमेकींवर धरून ताडून बघाव्यात तशी तिच्या टोकाने दोन ओळींवरची अक्षरं एकेक करून ताडायला लागले. वरचं अक्षर, खालचं अक्षर. वरचं, खालचं.

शेवटपर्यंत गेले आणि कानस खाली ठेवली.

"सारखेच आहेत," ते म्हणाले.

पुढचं कासवाने लिहायच्या आधीच भावजींना उमगलं होतं. स्वस्तातली कुलपं एका थप्पीत एकाच खाचांची निघतात आणि शेजाऱ्याची किल्ली आपल्या दाराला लागते, हे ते गिऱ्हाइकांना आयुष्यभर सांगत आलेत. "मी हुबेहूब नक्कल केली ना," ते सावकाश म्हणाले, "तर डिस्कचा ओळख-क्रमांकसुद्धा नकलला गेला. सकाळी यंत्र उठतं, हाक मारतं, अमुक क्रमांकाची डिस्क कोण? दोघीही म्हणतात, मी. जी आधी बोलते तिला ते आत घेतं. एक दिवस ही, एक दिवस ती. मधल्या दिवसांची रोजनिशीसुद्धा जिची तिच्याकडे."

"म्हणजे 'मी तर मीही आहे, तुम्ही कोण' असं त्याने विचारलंच नाही," मी म्हणालो.

ते हसले नाहीत. डबा उघडला, एका डिस्कची वायर काढली, यंत्र लावलं. तिसरा मजला होता, धाकट्याने पहिल्यांदा केलेला तो. मग ती वायर परत जोडून दुसरीची काढली. तिच्यावर पुन्हा केलेला तिसरा मजला होता. दोन्ही वेळा त्याने तितकंच काम केलं होतं, तितक्याच काळजीने. एक खाचही कमीजास्त नाही.

बराच वेळ भावजी त्या दोन तिसऱ्या मजल्यांकडे बघत बसले.

"कासवाला कळवा," मी म्हणालो.

नियम त्यांचाच होता: कसा सुटला ते लिहायचं. त्यांनी सगळं लिहिलं. दुसरी डिस्क, नक्कल, ती लपवल्याचं, मी काहीच केलं नाही हे खोटं लिहिल्याचं. अशी डिस्क नकलली तर क्रमांक बदलून घ्या किंवा नक्कल बाहेर काढून कपाटात ठेवा, हेही लिहिलं. एकाही ओळीवर फुल्या नव्हत्या. फक्त शेवटी एक जागा सोडून. "या सगळ्यात मी माझ्या ××××वर उगाच आळ घेतला."

ग्रुपवर या वेळी कोणी हसलं नाही. कासवाने लिहिलं, "छान लिहिलंत, पुढच्यांना उपयोगी पडेल. त्या शेवटच्या फुल्यांखाली काय आहे ते विचारत नाही. ज्याचं आहे त्याला मात्र उघडून दाखवा. याला थोडी घाई करा."

"बघ, किती गोड बोलतो," भावजी पुटपुटले. आणि पेचकस घेऊन उठले.

संध्याकाळी आम्ही दोघं धाकट्याच्या दारात उभे होतो. भावजींनी बेल वाजवली.

"कोण?" आतून धाकट्याचा आवाज.

"मी."

आत पावलं दाराशी आली. मग, "मी तर मीही आहे. तुम्ही कोण?"

घराण्याचीच रीत ती.  आयुष्यात पहिल्यांदा भावजी त्या प्रश्नाच्या चुकीच्या बाजूला उभे होते.

"दादा आहे रे."

"काय काम आहे?"

"जरा… बिघडलंय."

"काय केलंत, काय व्हायला हवं होतं, काय झालं. या क्रमाने. सगळं सांगा. लपवू नका."

मला हसू आवरेना, पण भावजींकडे बघून आवरलं. त्यांनी बंद दारासमोर, शेजारच्या घरातलं कोणी ऐकतंय की काय याची एकदाही खात्री न करता, सांगायला सुरुवात केली. "मी दुसरी डिस्क बसवली. तुला सांगितलं नाही. आराखडा जपला जायला हवा होता. तो गायब व्हायला लागला. मी खुर्ची तिरकी ठेवली, पूड टाकली…"

"ती पूड तुझी होती? मला वाटलं पंख्यातून पडते!"

"मध्ये बोलू नकोस. मग तुझी किल्ली काढून घेतली. बाबांनी दिलेली. तुझं काहीच चुकलं नव्हतं. तिसरा मजला दोन्ही डिस्कवर आहे. दोन्ही बरोबर आहेत." ते थांबले. "एवढंच. आपोआप काही झालं नाही. मी केलं."

दार उघडलं, पण साखळीपुरतं. फटीतून धाकट्याचा एक डोळा आणि एक हात बाहेर आला. भावजींनी हातावर किल्ली ठेवली. त्याने ती उजेडात धरली, खाचांवरून नख फिरवलं.

"ही तर जुनी. आता कशालाच लागत नाही."

"लागते. येताना नवं कुलूप काढून जुनं परत बसवलं. याला विचार, पेचकस यानेच धरला होता."

"ते जुनं तर कोणीही फोडेल म्हणत होतास."

"फोडेलच. पण ते कसं फोडायचं ते ठाऊक असलेले गल्लीत आपण दोघंच आहोत." भावजींनी घसा खाकरला. "कार्डवाल्यांना… कळवलंस का?"

"उद्या कळवणार होतो."

"काय?"

"आता बघू," धाकटा म्हणाला. "तुझ्यावर एकदम विश्वास ठेवायचा म्हणजे जरा जडच जातं." आणि किल्ली जुडग्यात अडकवल्याचा आवाज आला.

मग साखळी निघाली. भावजी मान खाली घालून आत गेले, आतल्या कडीकडे सवयीने एकदा बघून. त्यांच्यामागे मी शिरायला लागलो तर धाकट्याने माझ्यासमोर हात आडवा केला.

"आणि हे कोण?"

"अरे, मी!" मी म्हणालो.

आतून दोन्ही भाऊ एकदमच ओरडले, "मी तर मीही आहे!"